सावकाराची वही आणि सिबिलचा आकडा

मृग जवळ आला की वाशिम जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी होते. एक कृषी सेवा केंद्रात आणि दुसरी बँकेत. बियाण्याच्या दुकानात पैसे मोजले की सोयाबीनची बॅग मिळते. बँकेत मात्र सात-बारा, आठ-अ, आधार, पॅन, नो ड्यूज असे सगळे कागद फाईलीत लावून माणूस उभा राहतो आणि टेबलामागचा साहेब कागदांकडे न बघता संगणकाकडे बघतो. 'तुमचा सिबिल खराब आहे' एवढे बोलून फाईल परत सरकवली जाते. रिसोड असो की मानोरा, मालेगाव असो की मंगरुळपीर, आमच्याकडे येणारे वाचक हीच तक्रार घेऊन येतात. सिबिल म्हणजे काय, तो खराब कोणी केला आणि कधी केला, याचे उत्तर त्यांना कोणी दिलेले नसते. बँकेतून निघालेला हा माणूस गावाकडे जाताना वाटेत कोणाच्या दारात थांबतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरची एक बातमी देशभर गाजली होती. कारंजाहून शकुंतला रेल्वेच्या रुळांनी जोडलेले हे गाव. तिथे ठरत आलेले लग्न मुलीच्या मामाने मोडले. कारण काय, तर मुलाचा सिबिल स्कोअर कमी होता आणि त्याच्या नावावर निरनिराळी कर्जे होती. अनेकांनी ती बातमी हसण्यावारी नेली. आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. जो आकडा बँकेच्या टेबलावर जन्माला आला तो पाहुण्यांच्या ओसरीपर्यंत पोहोचला. पत्रिका, गोत्र, हुंडा यांच्याशी लढता लढता आपल्या समाजाच्या दोन पिढ्या गेल्या. आता माणसाची किंमत ठरवायला तीन अंकी संख्या आली आहे. त्या मामालाही आम्ही दोष देत नाही. भाचीला कर्जबाजारी घरात द्यायची नाही, ही काळजी रास्तच आहे. पण हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्या मामाला आणि त्या मुलालाही कळले असते तर बरे झाले असते.

म्हणून आधी मुळाशी जाऊ. सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. ऑगस्ट २००० मध्ये ती आपल्या देशात स्थापन झाली. आज ती ट्रान्सयुनियन या अमेरिकन कंपनीच्या मालकीची असून तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे आहे. तिच्याशिवाय इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने हेच काम करण्याची परवानगी दिली आहे. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याने प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला आपल्या कर्जदाराची माहिती या कंपन्यांना देणे बंधनकारक झाले. तुम्ही कर्ज कधी घेतले, किती घेतले, हप्ता किती दिवस उशिरा भरला, कोणाला जामीन राहिलात, गेल्या काही महिन्यांत किती ठिकाणी कर्ज मागितले, हे सारे तिथे लिहिले जाते. या लेखाजोख्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढला जातो. ७५० च्या वर असेल तर बँका साधारणपणे खूश असतात. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याच्या नावापुढे आकडाच नसतो, तिथे नोंद नाही अशी खूण असते. नोंद नसणे आणि नोंद वाईट असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाखेतले अनेक कर्मचारी त्या एकाच मापाने मोजतात आणि पहिल्यांदाच कर्ज मागायला आलेल्या आपल्या पोराला आल्या पावली परत पाठवतात.

ज्यांना इतिहास ठाऊक आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. गावच्या सावकाराकडेही एक वही होती. तिच्यात काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नव्हते. शंभर घेतले की दोनशे लिहिले, परत केले ते जमेला धरले की नाही, हे वही जाणे आणि सावकार जाणे. अंगठा तेवढा आपला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले, तेव्हा लोकांनी सावकारांची घरे लुटण्यापेक्षा त्यांच्याकडचे खत आणि वह्या जाळण्यावर भर दिला. आपला शत्रू तो कागद आहे हे त्या निरक्षर माणसांना बरोबर कळले होते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, ब्रिटिश सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. १८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो याच अविद्येने केलेल्या नागवणुकीचा पंचनामा होता.

सिबिलची वही जाळता येत नाही, ती कुठल्या तरी सर्व्हरमध्ये आहे. पण ती वाचता येते. कायद्याने तो अधिकार कर्जदाराला दिलेला आहे आणि तो सावकाराच्या कुळाला कधीच नव्हता. आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. आपल्यावर लिहिलेली वही आपण वाचायला शिकलो नाही, तर आपल्यात आणि १८७५ च्या अंगठेबहाद्दर कुळात फरक तो काय राहिला?

आता हा आकडा काय सांगत नाही ते पाहू. रोजंदारीवर जाणारी बाई बचत गटातल्या अंतर्गत कर्जाचा हप्ता वर्षानुवर्षे न चुकता भरते. गावातल्या किराणा दुकानदाराची उधारी पोळ्याच्या आत चुकती करते. भिशीचा पैसा कधी बुडवत नाही. यातली एकही गोष्ट त्या अहवालात येत नाही. गावच्या पतसंस्थेतली चोख परतफेडही बहुतेक वेळा त्या वहीपर्यंत पोहोचत नाही. बटाईने शेत करणाऱ्याच्या नावावर सात-बाराच नाही, मग पीककर्ज कुठले आणि नोंद कुठली? गायरान कसून पोट भरणाऱ्यांची तीच गत. म्हणजे ज्यांना बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्यांचा प्रामाणिकपणा बँकेच्या हिशेबी शून्य. उलट बाजूला पाऊस आणि भाव यांचा दोषही शेतकऱ्याच्याच खात्यावर पडतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. बाजार समितीत हमीभावाखाली सोयाबीन विकल्याचा अनुभव वाशिमच्या शेतकऱ्याला नवा नाही. ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळतो, शेंगा काळ्या पडतात आणि हप्ता थकतो. अहवालात नोंद फक्त थकलेल्या हप्त्याची होते. पावसासाठी त्यात रकाना नाही.

बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन गावकऱ्यांना जात-पात न पाहता कसायला द्यावी आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे यांसाठी लागणारे भांडवल पुरवणे ही राज्याची जबाबदारी असावी, असे त्यात त्यांनी मांडले होते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाचे हे म्हणणे होते, भाबड्या माणसाचे नव्हे. भांडवल हा कसणाऱ्याचा हक्क मानणारी ती दृष्टी कुठे आणि खाजगी कंपनीच्या आकड्यावर पेरणी अडवणारी आजची रीत कुठे!

सरकारला हे कळत नाही असे नाही. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे राज्य सरकार बँकांना वर्षानुवर्षे बजावत आले आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अट लावणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याची भाषा केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत सांगितले की, पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यासाठी किमान स्कोअरची कोणतीही सक्ती रिझर्व्ह बँकेने केलेली नाही आणि केवळ मागची नोंद नाही म्हणून अर्ज फेटाळू नये असे बँकांना कळवलेले आहे. मुंबईत आणि दिल्लीत हे ठरले. मालेगावच्या शाखेतल्या संगणकाला ते कोणी सांगायचे? बैठकीतला इशारा हा शेतकऱ्याच्या हातात कागद म्हणून येत नाही. 'मुख्यमंत्री असे म्हणाले' असे सांगणाऱ्या शेतकऱ्याला शाखाधिकारी 'मग त्यांच्याकडूनच घ्या' असे उत्तर देतो. घोषणेवर विसंबून राहण्याचे दिवस आपल्यासाठी कधीच नव्हते. आपले काम कागदाने करायचे.

कर्जमाफीचेही असेच आहे. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंतची होती. २०१९ ची महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंतची. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर सरकारने जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे कबूल केले. कर्जमाफी मिळायलाच हवी, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण कर्जमाफी येणार म्हणून ऐपत असतानाही हप्ता थांबवणे हा जुगार आहे, हे आम्ही नाराजी पत्करून सांगतो. माफी कधी येईल, कोण निकषात बसेल, हे मंत्रालय ठरवणार. थकलेल्या दिवसांची मोजणी मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. आणि मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाचा लाभ मिळतो, तो थकबाकीदाराला मिळत नाही.

ज्यांना जुनी माफी मिळाली त्यांनीही निश्चिंत राहू नये. माफीची रक्कम खात्यावर आली, पण खाते बंद झाल्याची नोंद पुढे गेली का? एकरकमी तडजोड करून ज्यांनी कर्ज मिटवले त्यांच्या अहवालात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शब्द असू शकतो. दोन्हींचा अर्थ कर्जदाराच्या दृष्टीने एकच, पण बँकेच्या भाषेत 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण पैसे न देता मिटवलेले खाते. हा शब्द पुढच्या कर्जाच्या आड येतो. तडजोड करताना हे कोणी सांगत नाही, वसुली अधिकारी तर मुळीच नाही. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा विलीनीकरणात जुने खाते आणि नवे खाते अशा दोन नोंदी राहिल्या नाहीत ना, हेही पाहिले पाहिजे. सात-बारावरचा बोजा उतरला की नाही हे आपण तलाठ्याकडे जाऊन बघतो. हा अहवाल म्हणजे आपला दुसरा सात-बारा आहे, आणि त्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही.

आता जामीनदारीकडे वळू, कारण आपल्या समाजातली सर्वात मोठी जखम इथे आहे. आमच्या परिचयातले एक शिक्षक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे नोकरी झाली. घरातला पहिला पगारदार माणूस, त्यामुळे चुलतभाऊ, साडू, मेहुणा सगळ्यांच्या कागदावर त्यांची सही. कोणाची म्हैस, कोणाचा ऑटो, कोणाचे किराणा दुकान. नाही म्हणायचे कसे? स्वतः शिकले तेही नातेवाइकांनी शाळेची फी भरली म्हणून. मुलीला नर्सिंगला पाठवायचे ठरले आणि शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला, तेव्हा कळले की एका नातेवाइकाचे ऑटोचे कर्ज कधीचेच थकले आहे आणि ते यांच्या अहवालात बसले आहे. नातेवाइक पुण्याला कामाला निघून गेला होता. बँकेची पत्रे त्याच्या बंद घराच्या पत्त्यावर जात होती. गुरुजींना कोणी विचारले नाही, कोणी कळवले नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्यांना मुलीच्या प्रवेशाच्या आठवड्यात समजले. पोरीचे ते वर्ष वाया गेले नाही, कारण पतसंस्थेने जास्त व्याजाने पैसे दिले. पण तो घाव त्यांच्या बोलण्यात अजून जाणवतो.

पगारदार बांधवांनी सह्या करायच्या बंद कराव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. जो वर गेला त्याने मागच्यांना हात द्यायचा, ही बाबासाहेबांची शिकवण आपण विसरलो तर उरले काय? पण सही केल्यावर ते कर्ज आपलेच समजावे, दर तीन-चार महिन्यांनी त्याची विचारपूस करावी आणि नातेवाइकाचा राग येईल म्हणून संकोच करू नये. त्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गुरुजींना माहीत असती तर उपयोगी पडली असती. मे २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, कमी सिबिल हे विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. विद्यार्थी उद्याचे राष्ट्र घडवणारे आहेत, बँकांनी त्यांच्याकडे माणुसकीने पाहावे, असा त्या निकालाचा सूर होता. केरळचा निकाल महाराष्ट्रातल्या बँकेवर थेट बंधनकारक नसला तरी अर्जासोबत त्याचा उल्लेख करायला कोणी अडवलेले नाही.

दुसरा घोळ नावांचा. आपल्याकडे भीमराव, गौतम, मिलिंद, प्रज्ञा ही नावे घरोघरी आहेत. आडनावे मोजकी, गाव तेच. आणि जन्मतारीख? शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला १ जून दिलेली. नाव तेच, तारीख तीच, तालुका तोच, तेव्हा एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढायला कितीसा वेळ लागतो? त्यातच कोणी एजंट आधार-पॅनची झेरॉक्स घेऊन जातो, 'सरकारी योजनेसाठी' म्हणून सही घेतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी कर्ज भलत्याच्या नावावर निघालेले असते. अहवाल पाहिल्याशिवाय हे उघडकीस येत नाही.

तर हा अहवाल मिळवायचा कसा? चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल स्कोअरसह फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षात चार अहवाल. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर नजर राहते आणि खर्च शून्य. पॅन आणि मोबाईल नंबर लागतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. संकेतस्थळ आधी पैशांची योजना दाखवते, फुकटची वाट कोपऱ्यात असते, तेवढी शोधावी लागते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होतो ही अफवा आहे. तो बँकांकडे एकामागून एक अर्ज टाकल्याने कमी होतो.

अहवालात चूक दिसली तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि ज्या बँकेची नोंद चुकली तिलाही लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ ने कर्ज नाकारले गेलेल्या माणसाला अहवालाची प्रत मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा अधिकार दिला आहे. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ हा त्यांचा फोन नंबर आहे आणि तक्रारीला वकील लागत नाही, फी लागत नाही.

आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बांधवांनी एक गोष्ट पाठच करावी. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जपुरवठ्याबाबत रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आहे. त्यात म्हटले आहे की, या समाजाच्या अर्जदाराचा अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळू नये, तो निर्णय वरच्या पातळीवर व्हावा आणि नकाराचे कारण स्पष्ट लिहावे. म्हणजे काउंटरवरून तोंडी 'होणार नाही' म्हणण्याचा अधिकार शाखेला नाही. किती शाखांत हे पाळले जाते? आमच्या माहितीतल्या कोणाला वरच्या कार्यालयाचे लेखी उत्तर मिळालेले नाही, कारण मुळात अर्जच घेतला जात नाही. 'आधी सिबिल काढून आणा' म्हणून दारातच वाट अडवली जाते. अर्जच दाखल नाही, मग तो फेटाळलाही जात नाही आणि आकडेवारीत बँक स्वच्छ राहते. २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया सुरू झाली तेव्हा प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या उद्योजकाला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यायचे ठरले होते. मार्च २०२५ मध्ये त्या योजनेची मुदत संपली. आपल्या तालुक्यातल्या शाखांनी त्या नऊ वर्षांत कितीजणांना कर्ज दिले, हे माहिती अधिकारात विचारण्यासारखे आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे बीजभांडवल घ्यायला गेले तरी बँकेचा वाटा लागतोच आणि गाडी पुन्हा सिबिलवर येऊन अडते.

म्हणून अर्ज आवक-जावक विभागात द्या. तिथे नाकारला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. नकार आला तर लेखी मागा. नैसर्गिक आपत्तीने पीक गेले असेल तर हप्ता नुसता थकवू नका, कर्जाचे पुनर्गठन करा असा अर्ज पैसेवारीच्या आणि पंचनाम्याच्या कागदासह द्या. तशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे.

आता थोडे स्वतःकडे. जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फलकावर लावणारी आमची पोरे मोबाईलच्या हप्त्याची तारीख मात्र विसरतात. शून्य व्याजाचा म्हणून वीस हजारांचा फोन घ्यायचा, चार हप्ते भरायचे, नोकरी गेली की सिमकार्ड बदलायचे. हप्त्याचा फोन येत नाही म्हणजे कर्ज संपले असा काहींचा समज आहे. संपलेले नसते. ती नोंद कायद्याने किमान सात वर्षे ठेवली जाते आणि उद्या पोलीस भरतीनंतर घर बांधायला कर्ज मागाल तेव्हा वीस हजारांचा फोन वीस लाखांच्या घराच्या आड येतो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे तर नावच नको. परवानगी नसलेली अशी ॲप फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना शिव्या देतात. आणि 'सिबिल वाढवून देतो, पाच हजार द्या' म्हणणाऱ्यांची दुकाने आता तालुक्याच्या गावीही निघाली आहेत. खरी नोंद कोणाला पुसता येत नाही आणि चुकीची नोंद आपल्याला फुकटात दुरुस्त करता येते, मग त्या पाच हजारांत तो देतो काय?

स्कोअर वाढण्याची वाट सरळ आहे, फक्त लांब आहे. थकलेले असेल ते आधी चुकते करायचे, शक्यतो पूर्ण. जमत नसेल तर बँकेशी लेखी बोलून हप्ता बांधून घ्यायचा. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्यायचा आणि जपायचा. कर्ज फिटल्यावर गहाण कागद तीस दिवसांत परत न दिल्यास बँकेला दिवसाला पाच हजार रुपये द्यावे लागतात, हाही डिसेंबर २०२३ पासूनचा नियम. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेच्या तीस टक्क्यांहून अधिक वापरू नये. पीककर्जाचे नवे-जुने मुदतीत करावे. दोन दिवसांसाठी सावकाराकडून शेकडा पाचाने पैसे आणून नवे-जुने करावे लागते ही आपली शोकांतिका आहेच, पण सोयाबीन विकल्याबरोबर थोडी रक्कम बाजूला काढता आली तर ती वेळ टळते. जुना मोबाईल नंबर बदलला असेल तर बँकेत नवा नोंदवावा, कारण थकबाकीची आणि अहवाल कोणी पाहिल्याची सूचना त्यावरच येते. २०२५ च्या सुरुवातीपासून बँकांना महिन्याऐवजी पंधरवड्याच्या आत नोंदी कळवण्याची सक्ती झाली आहे. म्हणजे चूक लवकर चढते, तशी सुधारणाही लवकर दिसते. पूर्वी बिघडलेला आकडा सावरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते, एका रात्रीत काही होत नाही.

यात एकट्या माणसाने धडपडण्यापेक्षा विहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत बसून हे काम केले तर सोपे होईल. आपल्या गावोगावच्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची पोरे बसतात. ती इंग्रजी वाचतात, मोबाईल चालवतात. रविवारी दोन तास त्यांनी वस्तीतल्या पाच-पाच माणसांचे अहवाल काढून मराठीत समजावून सांगावेत. फक्त ज्याचा अहवाल त्याच्यासमोरच काढावा, ओटीपी त्याचा त्यानेच टाकावा आणि कोणाचे कर्ज किती हे चावडीवर जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे. ज्या शाखेतून एकाच प्रकारच्या चुका येतील, त्या शाखेची यादी करून जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. दर तीन महिन्यांनी जिल्ह्यात बँकांची आढावा बैठक होते, त्यात लोकप्रतिनिधीही असतात. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिम २०१८ पासून आहे आणि त्या यादीत बँकसेवेचे गुणही मोजले जातात. किती खाती उघडली हे जसे मोजले जाते, तसे किती अनुसूचित जाती-जमातीचे अर्ज आले, किती वर पाठवले, किती सिबिल सांगून परतवले, हेही त्या बैठकीत विचारायला आपल्या निवडून आलेल्या माणसांना लावले पाहिजे.

खरिपाच्या पीककर्जाचे वाटप एप्रिलपासून सुरू होते. तक्रार निकाली निघायला तीस दिवस धरले तर अहवाल फेब्रुवारीत हातात हवा. मुलांचे बारावीचे निकाल आणि प्रवेश मे-जूनमध्ये असतात, त्या पालकांनीही तोच महिना धरावा. आमच्या कार्यालयात ज्यांच्या तक्रारी येऊन पडल्या आहेत त्यांनी पॅन, मोबाईल आणि बँकेचे जुने पासबुक एवढेच घेऊन जवळच्या अभ्यासिकेत जावे. बेबाकी दाखला सापडला तर तोही सोबत असू द्यावा.